अपवाद आणि अग्निबाण

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून 'आरियान ५' हा युरोपचा नवा अग्निबाण प्रथमच आकाशात झेपावला. त्याच्या शिरोभागी पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले 'क्लस्टर' नावाचे चार उपग्रह होते. सुमारे चाळीस सेकंदांत, जेमतेम ३,७०० मीटर उंचीवर, तो मार्गावरून एकाएकी वळला, मोडला आणि स्वतःच्याच विध्वंसक यंत्रणेने नष्ट झाला.

फ्रेंच गणिती झाक-लुई लिओंस यांच्या समितीने १९ जुलैला अहवाल दिला. दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रात 'एडा' भाषेतील आज्ञावली होती. आडव्या गतीशी निगडित असलेले एक मूल्य ६४ बिटांच्या ऐसपैस घरातून १६ बिटांच्या लहान घरात हलविले जाई. या घरात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. 'आरियान ४' च्या मार्गात ही मर्यादा कधी ओलांडली जात नसे. नव्या अग्निबाणाची आडवी गती मात्र बरीच अधिक होती. संख्या मावेना, तेव्हा आज्ञावलीने रीतसर 'अपवाद' उपस्थित केला. परंतु त्याची दखल घेण्यास तेथे कोणीच नेमलेले नव्हते. यंत्र बंद पडले. राखीव यंत्र ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने बंद पडले होते. बंद पडताना यंत्राने पाठविलेली दोषसूचक माहिती मुख्य संगणकाने खरी मोजमापे समजून स्वीकारली आणि झोत भलत्याच दिशेला वळविले. वास्तविक हा हिशेब 'आरियान ५' ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. तो जुन्या अग्निबाणाचा वारसा म्हणून तसाच चालू राहिला होता.

अपवादाची व्यवस्था त्या वेळी नवी नव्हती. १९६० नंतरच्या दशकात 'पी.एल./वन' या भाषेने तिचा पाया घातला. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या 'क्लू' भाषेत, काम सोपविणाऱ्याला अपयशाची नावानिशी वर्दी देण्याची पद्धत रुजली. पुढे वस्तुनिष्ठ आज्ञालेखनात अपवाद हीच एक 'वस्तू' झाली: काय बिघडले याचा तपशील ती सोबत नेते, आणि तिच्या जातिकुळावरून उपाय ठरविता येतो. १९९५ मध्ये आलेल्या 'जावा' ने तर काही अपवादांबाबत सक्तीच केली. एक तर ते हाताळा, नाही तर ते वर जातील असे आधीच जाहीर करा. तथापि सक्तीला पळवाटाही फुटतात. अपवाद पकडावा आणि काहीही न करता गिळून टाकावा, ही खोड पुष्कळांना जडली.

'आयफेल' भाषेचे जनक बर्ट्रांड मेयर यांनी प्रामाणिकपणाचे दोनच मार्ग मानले. कारण दूर करून काम पुन्हा करून पाहावे. ते न साधल्यास आपली मांडामांड सावरून अपयश वरिष्ठास कळवावे. कचेरीतील कारकुनालाही हाच नियम लागू पडतो. न सुटणारे प्रकरण फडताळात दडविणारा आणि त्यावर खोटा शेरा मारून पुढे पाठविणारा, हे दोघेही सारखेच घातक होत.

कुरूची चूक मात्र केवळ विसराळूपणाची नव्हती. धोक्याच्या सात मूल्यांपैकी चारांना संरक्षण होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून तीन जाणूनबुजून मोकळी सोडली होती. बिघाड यंत्राच्या सुट्या भागातच आणि अकस्मात होईल, असे गृहीत धरल्यामुळे राखीव यंत्र ठेवले. पण दोघांची आज्ञावली एकच असल्याने चूकही एकच झाली. शिवाय कोणत्या मर्यादेत ही आज्ञावली विश्वसनीय आहे, याची नोंद तिच्याबरोबर प्रवासास निघाली नाही. मेयर आणि झेझेकेल यांनी १९९७ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले.

चारही उपग्रह नव्याने घडवून २००० साली बैकोनूरहून सोयुझ अग्निबाणांनी सोडण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताचा 'इन्सॅट ३ बी' 'आरियान ५' वरूनच सुखरूप गेला, आणि २०२३ साली ११७ व्या उड्डाणानंतर तो अग्निबाण निवृत्त झाला. पहिल्या उड्डाणाचा अहवाल मात्र आजही आज्ञालेखनाच्या वर्गांतून वाचला जातो. जुने काम नव्या ठिकाणी नेताना त्याची गृहीतेही सोबत न्यावी लागतात, आणि अनपेक्षित गोष्ट घडली तर ती कोणाच्या कानावर जाईल हे आधीच ठरवून ठेवावे लागते, हाच त्याचा सारांश होय.