गावात पैसा वाढतो, माणसं कमी होतात: हे गणित नेमकं काय आहे?

गणपती आणि शिमग्याच्या आधी पुण्यातल्या स्वारगेट एसटी स्थानकात कोकणाकडे जाणाऱ्या जादा गाड्या लागतात. सण संपला की माणसं पुन्हा शहराकडे येतात. यातल्या अनेकांचं घर गावाला आणि कमाई शहरात असते. अशा गावांत घरटी उत्पन्न वाढलेलं दिसतं, पण राहणारी माणसं घटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात?

जनगणना काय सांगते?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्या अशी बदलली:

- पुणे जिल्हा: ७२.३ लाखांवरून ९४.३ लाख
- रत्नागिरी: १६.९७ लाखांवरून १६.१५ लाख
- सिंधुदुर्ग: ८.६९ लाखांवरून ८.५० लाख

२०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा होता ९२९. याचं मोठं कारण म्हणजे कमावत्या वयाचे पुरुष मुंबई-पुण्यात. २०२१ ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे.

'कुटुंब' म्हणजे कोण?

जनगणनेत एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. पुण्यात खोली घेऊन राहणारा मुलगा पुण्यातच मोजला जातो, मग त्याचं नाव गावच्या रेशनकार्डावर असलं तरी. त्याने पाठवलेले पैसे मात्र गावच्या घरात येतात. म्हणजे माणूस एका ठिकाणी, पैसा दुसऱ्या ठिकाणी.

सरासरी कशी फसवते?

समजा, पाच जणांचं घर शेतीतून वर्षाला १ लाख रुपये मिळवतं. दरडोई २०,००० रुपये. मुलगा शहरात गेला, हात कमी झाला आणि शेतीचं उत्पन्न ९०,००० वर आलं. आता घरात चौघेच, म्हणून दरडोई २२,५०० रुपये. मुलाने एक रुपयाही पाठवला नाही, घराची कमाई घटली, तरी सरासरी वाढली! त्याने वर्षाला ६०,००० पाठवले, तर हीच सरासरी ३७,५०० होते. पण तो पैसा त्याच्या नोकरीवर अवलंबून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरातली कामं थांबली, तेव्हा अनेक घरांना याची झळ बसली.

माणसं घटली की काय अडतं?

बऱ्याच सरकारी सोयी डोकी मोजून ठरतात.

- शाळा: शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट घसरला की शाळेच्या अस्तित्वाचाच प्रश्न येतो.
- आरोग्य उपकेंद्र: सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक.

मागे राहतात त्यात म्हातारी माणसं जास्त. म्हणजे दवाखान्याची गरज वाढते, त्याच वेळी निकषातली लोकसंख्या कमी होते.

याला दुसरी बाजू आहे का?

आहे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्येही दुष्काळामुळे लोक गाव सोडत होते. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने पाणी अडवलं, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअरवेल घेणं थांबवलं आणि उपलब्ध पाण्यावर पिकं ठरवली. भाजीपाला आणि दूध वाढलं. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, ती पुढे जेमतेम तीनवर आली. बाहेर गेलेली काही कुटुंबं परत आली. इथे उत्पन्न वाढलं ते माणसं गावात असताना.

मग आकडा कसा वाचायचा?

'गावाचं दरडोई उत्पन्न वाढलं' असं वाचलं की तीन प्रश्न विचारावेत: पैसा गावात तयार झाला की बाहेरून आला? भागायला माणसं किती उरली? आणि त्यात कमावत्या वयाची किती?