वेताळ अडकला डॉट सीबीआरमध्ये!

आजचा प्रश्न आपल्या खर्डीतलाच. एका श्रोत्याला इंद्रजाल कॉमिक्सचा जुना अंक फाईल म्हणून मिळाला, पण मोबाईल ती उघडेना. नावाच्या शेवटी होतं ‘डॉट सीबीआर’. हे काय प्रकरण आहे?

आधी अंकाबद्दल. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, १९९० मध्ये ते बंद पडलं. मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. आपल्याकडच्या पावसात, दमट हवेत आणि वाळवीत तो कागद किती टिकणार? म्हणून लोक पानं स्कॅन करतात.

आता डॉटनंतरची अक्षरं. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये फाईलचं नाव आठ अक्षरांचं आणि डॉटनंतर जास्तीत जास्त तीन. ही तीन म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. ‘हळद’ लिहिलं म्हणून आतलं मीठ पिवळं होत नाही!

१९८९ मध्ये फिल कॅट्झने झिप आणलं. अनेक फाईलींचं एक गाठोडं. झिप फाईल बहुतेक वेळा ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते, ती त्याचीच आद्याक्षरं. १९९३ मध्ये रशियाच्या युजीन रोशालने रार काढलं. पुढे डेव्हिड आयटनच्या सीडिस्प्ले या प्रोग्रॅमने गाठोड्यातली चित्रं ओळीने दाखवायला सुरुवात केली आणि ‘कॉमिक बुक’चं सीबी पुढे लागलं. रारचं सीबीआर, झिपचं सीबीझेड. बस, एवढंच!

म्हणजे सीबीझेडचं नाव बदलून झिप करा, पानं बाहेर येतात. सीबीआरचं रार करा. कधी सीबीआरच्या आत झिपच निघतं, म्हणून चांगली अ‍ॅप्स चिठ्ठीऐवजी फाईलची पहिली अक्षरं तपासतात. आणि जेपेग चित्रं गाठोड्यात फारशी लहान होत नाहीत, फक्त एकत्र राहतात.

घरचे जुने अंक जपायचे असतील तर सीबीझेड बरं. झिपची रचना खुली आहे, रार बनवण्याची पद्धत मालकीची. पानांना १, २, १० असे नंबर देऊ नका, काही अ‍ॅप १ नंतर थेट १० दाखवतात. ००१, ००२ असं लिहा. आणि हो, स्कॅन आपला असला तरी चित्रांचा हक्क आपला नसतो, तेव्हा सगळीकडे वाटत सुटू नका.

कागद गेला तर गेला, पण पानं नीट बांधली तर वेताळ पुढच्या पिढीलाही मराठीतच भेटेल. तुमच्या माळ्यावर काय आहे, बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!