रीच कार्यक्रम
आरोग्यविषमता, म्हणजे आजार व अकाली मृत्यू यांच्या प्रमाणात समाजगटांमध्ये आढळणारी टाळता येण्याजोगी तफावत, कमी करण्यासाठी अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी १९९९ मध्ये सुरू केलेला अनुदान कार्यक्रम. कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्याकांमधील जादा मृत्यूंची सविस्तर दखल अमेरिकी सरकारच्या १९८५ च्या हेकलर अहवालाने घेतलीच होती. रीचचे वेगळेपण असे, की त्याचा निधी स्थानिक संस्था, मूलनिवासी जमाती, विद्यापीठे व आरोग्य विभाग यांच्या आघाड्यांना मिळतो आणि उपाय वस्तीतील लोकांच्या सहभागाने ठरतात. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन व जॉर्जटाउन परगण्यांत मधुमेही कृष्णवर्णीयांसाठी पायांची तपासणी व आरोग्यशिक्षण यांवर भर दिला गेला आणि तेथे अवयवच्छेदनाचे प्रमाण घटले, हे त्याचे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण होय. निधी मात्र अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) वार्षिक मंजुरीवर अवलंबून असतो.