बोलतो घडाघडा, पण गप्पा जमत नाहीत: एका अडचणीच्या नावाची गोष्ट

निघताना आपण 'येतो' म्हणतो आणि जातो. फोनवर कुणी "आई आहे का?" विचारलं, की आईला हाक मारतो. एखादं मूल मात्र "हो, आहे" म्हणून फोन ठेवून देतं. चौथ्या वर्षी याचं हसू येतं. दहाव्या वर्षीही रोज असंच होत असेल, तर वर्गातली पोरं त्याला खेळायला घेत नाहीत.

या अडचणीला नाव मिळायला बराच वेळ लागला. 1957 मध्ये चॉम्स्कीचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' आलं आणि वाक्यरचनेला फार भाव आला. मुलांच्या भाषेच्या चाचण्याही मुख्यतः शब्द आणि वाक्यंच मोजायच्या. त्यात ही मुलं आरामात पास!

1983 साली न्यूयॉर्कमध्ये इझाबेल रॅपिन आणि डोरिस ॲलन यांनी भाषेच्या विकारांचे प्रकार पाडले. त्यातला एक गट असा, की मूल भरपूर बोलतं, व्याकरण ठीक, पण विचारावं एक आणि सांगतं भलतंच. त्याला त्यांनी 'सिमँटिक-प्रॅग्मॅटिक' असं जडजंबाल नाव दिलं. (त्याच वर्षी मुंबईत अली यावर जंग संस्था सुरू झाली, श्रवणदोष असलेल्यांसाठी.) 1987 मध्ये ब्रिटनमध्ये डोरोथी बिशप आणि लुईस रोझेनब्लूम यांनीही हे नाव वापरलं आणि वाद पेटला: हा भाषेचा विकार की ऑटिझमच? दोघांच्या मधे पडलेलं मूल कुणाच्या दारात जाणार?

मला यातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं ते 1998 चं. बंद खोलीत, एका शांत मोठ्या माणसासमोर, अर्ध्या तासात ही अडचण दिसत नाही. म्हणून बिशप यांनी प्रश्नावली केली, मुलाला रोज पाहणाऱ्यांसाठी. विनोद कळतो का? समोरचा कंटाळलाय हे लक्षात येतं का? अशा गोष्टी शिक्षकालाच ठाऊक. 2003 ची सुधारित आवृत्ती पालक भरतात, त्यात 70 विधानं आहेत. अर्थात ती इंग्रजी घरांसाठी. आपलं 'येतो' त्यात कुठून असणार?

2013 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 ने 'सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर' हे वेगळं निदान केलं; त्याची एक अट, ऑटिझम नसावा. 2017 मध्ये बिशप यांच्यासह तज्ज्ञांच्या गटाने 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' या नावावर सहमती केली, आणि संवादातली अडचणही त्याच छत्राखाली येऊ शकते असं मानलं. दोन्ही नावं आज शेजारी शेजारी चालू आहेत.