मूल पळवणाऱ्यांची गोष्ट

जबलपूरची कचेरी, साल 1836. तुम्ही मुन्शी आहात. मांडीवर फळी, फळीवर कागद, कानावर बोरू. समोर पायात बेड्या घातलेला माणूस बोलतोय आणि तुम्ही उतरवून घेताय. आपण ठग असल्याचं त्यानं कबूल केलंय, आणि आता तो माफीचा साक्षीदार आहे. त्याची मान फासातून सुटलीय ती एकाच अटीवर: त्यानं बोलत राहायचं. साथीदारांची नावं द्यायची, पुरलेली प्रेतं दाखवायची, कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाचा जावई ते सांगायचं. गोष्ट संपली की आपला उपयोग संपला, हे त्याला कळतं. तुम्हालाही कळतं.

वाटसरूंचे खून पडत होते, यात खोटं काही नाही. 1818 नंतर फौजा मोडल्या, हाताला काम नसलेले शिपाई रस्त्यावर आले, लूटमार वाढली. पण ही रुक्ष हकिगत कागदावर फारशी जागा घेत नाही. जागा घेतात ती भवानी, शकुन-अपशकुन, गुप्त बोली आणि वंशावळी. ठगांविरुद्धच्या मोहिमेवरचा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याच वर्षी त्या बोलीचा कोश छापतो, 'रमसीआना'. याच वर्षी कायदाही येतो: माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. कोणता खून, कोणाचा, कधी, हे विचारायची गरज उरत नाही. तीन वर्षांनी लंडनमध्ये फिलिप मेडोज टेलरची कादंबरी निघते, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्गला अधिकारी म्हणून येतो. तुम्ही उतरवता तसल्या कबुल्या आता विलायतेतले लोक रात्री जागून वाचतात. वंशावळ मात्र सरकारदप्तरी राहते. ती पुढे कामाला येणार आहे.

पस्तीस वर्षं ओलांडा. वायव्य प्रांतातलं एक गाव. आता तुम्ही फळीच्या दुसऱ्या बाजूला आहात. तुम्ही हिजडा समाजातल्या आहात. बारशाला, लग्नाला ढोलकीवर नाचायचं, बधाई घ्यायची, दुवा द्यायची, हे तुमचं जगणं. 12 ऑक्टोबर 1871 रोजी जो कायदा मंजूर झाला, त्याला पुढे सगळे 'गुन्हेगार जमाती कायदा' म्हणणार आहेत. पण त्याच्या पूर्ण नावात दोन प्रकारची माणसं आहेत: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आणि तुम्ही.

पहिल्या भागामागचा युक्तिवाद सोपा आहे. या देशात धंदा जातीनं चालतो. सुताराचा मुलगा सुतार, तर चोराचा मुलगा चोरच असणार. सरकारनं एखादी जमात यादीत घातली की त्यावर कोर्टात दाद नाही. दुसरा भाग तुमचा. मुलं पळवतात, त्यांना खच्ची करतात, असा 'वाजवी संशय' ज्यांच्यावर असेल त्यांची नावं आणि मालमत्ता नोंदवहीत चढवायची. संशय वाजवी की गैरवाजवी, हे ठरवणार साहेब, आणि साहेबाच्या कानावर पडणार ती गावातली कुजबुज. नोंद झाल्यावर बायकी कपड्यांत चारचौघांत दिसलात किंवा नाचलात तर वॉरंटाशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. घरात सोळा वर्षांखालचा मुलगा सापडला तरी तेवढीच शिक्षा.

तुमच्या घरात एक मुलगा आहे. दुष्काळात त्याचे आईबाप गेले, तुम्ही भाकरी दिली, तो राहिला. आज शिपाई त्याचं बखोट धरून त्याला नेतोय आणि पोरगं तुमचा पदर सोडत नाहीये. गल्लीतले लोक बघताहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत एक मूल घरातून ओढून नेलं जातंय, पण त्यांनी ऐकलेल्या गोष्टीत चोर तुम्ही आहात. त्यामुळे त्यांना दिसतंय ते सुटका झालेलं मूल.

1911 साली हा कायदा सुधारला जातो आणि मुंबई इलाख्यातही पोचतो. आता सोलापूर, 1930च्या आसपास. तुम्ही कैकाडी आहात. आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या, कणग्या विणत फिरायचा. शेजारच्या लमाणांचे बैल मीठ आणि धान्य वाहायचे. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. ज्यांचा धंदा बसला आणि पाय थांबले नाहीत, त्यांच्यावर सरकारची नजर पडली. आता तुम्ही सेटलमेंटमध्ये राहता. भोवती काटेरी तार. दिवसा गिरणीत काम, कामाआधी-नंतर हजेरी. बोटांचे ठसे सरकारजमा आहेत. मेहुण्याच्या लग्नाला पंढरपूरला जायचं तर पास काढावा लागतो, आणि पासावरची वेळ टळली तर शिक्षा. तुम्ही आयुष्यात काही चोरलंय का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तारेपलीकडच्या घरांतून तिन्हीसांजेला आवाज येतो: गप नीज, नाहीतर झोळीवाला येऊन नेईल. तुमची बायको तेच पोराला दटावताना म्हणते. तिलाही दुसरी भीती ठाऊक नाही.

31 ऑगस्ट 1952. कायदा रद्द होतो, 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' होतात. सात वर्षांत मुंबई राज्य सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा करतं, आणि गावात घर फुटलं की पोलिसांची गाडी पूर्वीसारखीच आधी पालावर येते. 1980 साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि 1987 साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' येतं. ज्यांच्याविषयी दीडशे वर्षं दुसरेच बोलत आले, ते आता स्वतः बोलतात. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी मिळते. तुम्ही ती वाचता, हळहळता, कपाटात ठेवता.

आता 2018चा उन्हाळा. या थांब्यावर वेषांतर नाही. तुमच्या हातात तुमचाच मोबाइल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतो: दोघे मोटारसायकलवरून येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलून पळतात. हा व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात आहे. शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि सावध राहा असा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापलाय. तुम्ही वाईट माणूस नाही. तुमच्या भाचरांची काळजी वाटते म्हणून तुम्ही तो पुढे पाठवता.

मे महिन्यात हैदराबादच्या चांद्रायणगुट्टा भागात मुलं पळवणारी टोळी समजून जमाव तृतीयपंथीयांवर तुटून पडतो. एकीचा जीव जातो. 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरलाय. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं तिथे येतात. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याची. डवर वाजवत, देवादिकांच्या कथा सांगत भिक्षा मागायची, ही त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कोणाला तरी दिसतो. गर्दी जमते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडलं जातं आणि तिथेच मरेस्तोवर मारलं जातं. पाचही जण जातात.

त्या खोलीच्या दारात क्षणभर उभे राहा. मारणारे कोणी सत्ताधीश नाहीत. आदिवासी पट्ट्यातल्या गरीब गावाच्या बाजाराला आलेली माणसं आहेत. आपण खून करतोय असं त्यांना वाटत नाही. आपण पोरं वाचवतोय, असं त्यांना वाटतं. गोष्टीची ताकद ही: ती मारणाऱ्याला राखणदार करून टाकते. आणि मार खाणाऱ्यानं काय सांगावं? नाही म्हणाला तर चोर नाहीच म्हणणार. हात जोडले तर ते सोंग. ओळखपत्र दाखवलं तर ते बनावट. 1836च्या कायद्यानं खुनाच्या पुराव्याची गरज काढून टाकली होती. इथे ती कोणाला आठवतही नाही. आणि 1871च्या कायद्यानं एका नावात गोवलेली दोन प्रकारची माणसं, भटके आणि हिजडे, यांना एकाच उन्हाळ्यात, एकाच अफवेनं गाठलं. कायदा रद्द होऊन सहासष्ट वर्षं झाली होती. गोष्ट रद्द करणारा ठराव मात्र कोणत्याही सभागृहात मांडता येत नाही.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅप भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणतं. वेग कमी होतो. मजकूर तोच राहतो.

प्रवास संपला, आता आजचा पेपर उघडा. जिल्ह्याच्या पानावर घरफोडीच्या बातमीत 'पारधी टोळी जेरबंद' असा मथळा दिसेल. त्याच पेपरात पतसंस्थेचे कोट्यवधी रुपये गिळून पसार झालेल्या संचालकाचीही बातमी असेल. तिच्यात त्याची जात नसेल, त्याच्या आजोबांचा धंदा नसेल, त्याच्या जमातीला चोरीची खोड आहे असं सुचवणारी ओळ नसेल. असणारही नाही, आणि नसावीच. मग पहिल्या बातमीत ती का आहे, हे विचारणारं पत्र संपादकांना लिहा. मुन्शीच्या नोकरीत तुम्ही सांगितलं ते उतरवून घेतलं होतंत. इथे तशी सक्ती नाही.