धोबी तलावहून अंधेरीला

ऑगस्ट महिना, वर भरून आलेलं आभाळ आणि खाली काळ्या टी-शर्टांची गर्दी. बोरिवलीची पोरं मरीन लाइन्सला उतरायची, मुलुंड-घाटकोपरची व्हीटीला. सगळ्यांची वाट दक्षिण मुंबईतल्या, म्हणजे ‘टाउन’मधल्या, धोबी तलावच्या रंगभवनाकडे. 1986 साली फरहाद वाडिया यांनी तिथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू केला. पोरांच्या तोंडी तो ‘आय-रॉक’ झाला. ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवानेही गाजवलेल्या या उघड्या प्रेक्षागृहात देशभरातले बँड एकामागून एक वाजवत.

मग आवाजाचा प्रश्न आला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवला. रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज आणि जवळच कामा रुग्णालय. रंगभवन गप्प झालं. रुग्णाची झोप गिटारपेक्षा मोठी, याबद्दल वाद नाही. पण बंद झालेल्या जागेच्या बदल्यात शहराने तरुणांना दुसरी हक्काची, स्वस्त जागा दिली नाही, हे मात्र चुकलंच.

रॉक उपनगरात आलं. अंधेरीला मोठ्या आवाजाची ओळख आधीच झाली होती. 1 नोव्हेंबर 1996 रोजी मायकल जॅक्सन शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, म्हणजे सगळ्यांच्या अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये नाचून गेला होता. छोट्या बँडांना जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ क्लबने स्टेज दिलं. आय-रॉकने पुढे अंधेरी पश्चिमेचं चित्रकूट मैदान गाठलं.

चित्रकूटला जाणं म्हणजे घाटकोपरकरांसाठी 340 नंबरची बस आणि साकीनाक्याचा ट्रॅफिक. पण ज्यांनी वर्षानुवर्षं टाउनला खेटे घातले, त्यांच्यासाठी कॉन्सर्ट आता घराजवळ होती. परदेशी मोठे बँड मात्र वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीला गेले. आयर्न मेडन 1 फेब्रुवारी 2008 रोजी तिथे वाजवून गेला. आय-रॉक 2013 नंतर थांबला आणि 8 जून 2014 रोजी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो धावू लागली. ज्या पोरांना ती सगळ्यात जास्त उपयोगी पडली असती, त्यांचा उत्सव आधीच थांबला होता.

खंड बँडांच्या आयुष्यातही पडले. महेश तिनईकर आणि मित्रांनी 1984 मध्ये उभा केलेला ‘रॉक मशीन’ पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, 1997 मध्ये थांबला, 2010 मध्ये पुन्हा जमला आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व’ हा अल्बम घेऊन आला. आय-रॉकही 2022 च्या नोव्हेंबरमध्ये परतला, पण अंधेरीला नव्हे, माझगावला.

इतक्या वर्षांनी परतणाऱ्या श्रोत्याचं शरीर बदललेलं असतं. पहिल्या गाण्याला बास ड्रमचा ठोका थेट बरगड्यांवर बसतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत कंबर बोलू लागते. घरी परतल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते. ती शिट्टी म्हणजे कानाने दिलेली ताकीद. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. केमिस्टकडे मिळणारे फोमचे इअरप्लग लावले तरी गाणं ऐकू येतं. ते लावण्यात कमीपणा कसला?

खंड पडला म्हणून आवड मेलेली नसते. जुन्या आय-रॉकवाल्यांनी कपाटातला काळा टी-शर्ट काढावा, पोरांना बरोबर घ्यावं आणि परदेशी बँडची वाट न पाहता इथल्याच एखाद्या बँडचं तिकीट काढावं. आणि महापालिकेकडे एक मागणी लावून धरावी: उपनगरात, वस्तीपासून अंतर राखून, मोठ्या आवाजाच्या संगीतासाठी एक उघडं रंगमंदिर बांधा.