विंदालूतला आंबटपणा कोणाचा?

१/ विंदालू म्हटले की अनेकांना बटाटा आठवतो. नावातच 'आलू' आहे ना! वस्तुतः या पदार्थाचा बटाट्याशी संबंध नाही. मूळ पोर्तुगीज नाव 'कार्ने द विन्या दाल्योश', म्हणजे मद्य आणि लसूण यांत मुरवलेले मांस. मात्र गोव्यात आल्यावर त्यातले मद्य मागे पडले. त्याची जागा कोणी घेतली, त्याचा हा इतिहास. 🧵

२/ १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकले. लिस्बनहून येथे पोहोचायला जहाजाला साधारण सहा महिने लागत. आम्लात बहुतेक घातक जंतूंची वाढ खुंटते. त्यामुळे मद्यात किंवा व्हिनेगरमध्ये लसणीसह मांस मुरवणे ही केवळ चवीची बाब नव्हती. मांस टिकवण्याचा तो उपाय होता.

३/ गोव्यात द्राक्षमळे नव्हते आणि युरोपातून येणारे मद्य महाग पडे. किनाऱ्यावर माड मात्र मुबलक होते. माडाची न उमललेली पोय बांधून तिचे टोक नेमाने छाटले की गोड रस ठिबकू लागतो. कोकणात त्याला माडी म्हणतात, गोव्यात सूर. तो काढणारा रेंदेर रोज सकाळ-संध्याकाळ मडकी उतरवण्यासाठी आणि मध्ये छाटणीसाठी माडावर चढतो.

४/ पुढचे काम हवा करते. रसातल्या साखरेचे यीस्टमुळे काही तासांतच मद्यार्कात रूपांतर होऊ लागते. मग हवेतला प्राणवायू मिळाला की दुसरे जिवाणू मद्यार्काचे अॅसिटिक आम्ल करतात. म्हणूनच घरी व्हिनेगर करताना बरणीला घट्ट झाकण न लावता तोंडाला फडके बांधतात आणि ती काही आठवडे हलवत नाहीत. या क्रियेमागे सूक्ष्मजीव आहेत हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवले. किनाऱ्यावरच्या घरांना ती कृती त्याच्या कितीतरी आधीपासून अवगत होती.

५/ याला साक्षीदारही आहे. डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात तो नोंदवतो की सूर उन्हात ठेवला की त्याचे व्हिनेगर होते आणि या देशी दुसरे व्हिनेगर वापरतच नाहीत. म्हणजे विजयाला शंभर वर्षे होण्यापूर्वीच राज्यकर्त्यांच्या राजधानीतले व्हिनेगर माडाचे झाले होते.

६/ मग पोर्तुगीजांनी भारताला व्हिनेगर शिकवले का? नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'शुक्त' या आंबवलेल्या द्रवाचा उल्लेख येतो आणि 'सिरका' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. गोव्यात नवी ठरली ती मांस-मासळी व्हिनेगरमध्ये मुरवण्याची सवय.

७/ त्या सवयीला अमेरिकेतून आलेली मिरची भेटली. लाल मिरची, लसूण, जिरे, मिरी, दालचिनी पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये वाटायची, हा रेशाद मसाल्याचा पाया. कोळंबीचे बालशांव आणि सुक्या मासळीचा 'पारा' यांतही आंबटपणा व्हिनेगरचाच. पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मीळ झाली की या बरण्या उपयोगी पडत.

८/ शेजारच्या हिंदू घरांत मात्र आंबटपणासाठी आमसूल आणि चिंच कायम राहिली. माड तेच, रस तोच, पण स्वयंपाकघरे वेगळी. महाराष्ट्रात व्हिनेगरची ही परंपरा वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाने जपली. त्यांचा 'इंद्याल' हा विंदालूचाच भाऊबंद.

९/ माडावर चढणाऱ्यांच्या वाट्याला या इतिहासात काय आले? ब्रिटिश मुलखात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढण्यावर परवाने आणि करांचा फास आवळला. कोकणातल्या भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय त्यात भरडला गेला. कागदोपत्री माडी हा महसुलाचा विषय होता. ती काढणाऱ्याचे कौशल्य तिथे कोणाच्या हिशेबात नव्हते.

१०/ आज बाजारातल्या स्वस्त बाटलीत अनेकदा पाण्यात मिसळलेले अॅसिटिक आम्ल असते. कायद्याने अशा बाटलीवर ते कृत्रिम असल्याचे छापावे लागते. खरेदीपूर्वी लेबल जरूर वाचावे. २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माड वगळला गेला. विरोधानंतर २०१७ मध्ये तो राज्यवृक्ष म्हणून परत आला. माडाला संरक्षण मिळाले, पण त्यावर चढणारे हात कमी होत चालले आहेत.

११/ विंदालूला 'पोर्तुगीज पदार्थ' म्हणणे चूक नाही, पण अपुरे आहे. नाव लिस्बनहून आले, मिरची अमेरिकेतून आली आणि आंबटपणा रेंदेराने माडावरून उतरवला. पाककृतींच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते. रेंदेर उरला नाही तर विंदालू होत राहील, पण चार शतकांपूर्वी लिन्सखोटेनने नोंदवलेले ते व्हिनेगर त्यात नसेल.